घर धुवायला पेट्रोलचा वॉशर? मालक, जरा ऐका

जुळे सोलापूरकर
काल इथं ग्रुपवर एका मालकांनी लिहिलं, "इलेक्ट्रिक प्रेशर वॉशर (जोरात पाणी मारून धुणारं मशीन) म्हणजे खेळणं. घ्यायचा तर सरळ पेट्रोल इंजिनचा घ्या." खाली पंधरा-वीस जणांनी "एकदम बरोबर" लिहिलं आणि त्यातले दोघं दुकानात भाव विचारायलेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं घर साधं. पोर्चमध्ये कार, दोन गाड्या, पुढं अंगणात शहाबादी फरशी. तीन वर्षं 1800 वॉटचा इलेक्ट्रिक वॉशर वापरायलोय. डब्यावर 135 बार लिहिलंय (बार म्हणजे दाबाचं माप), पण तो कमाल दाब. चालताना शंभरच्या आसपास धरा. तेवढ्यात मडगार्डच्या आत वाळून दगड झालेला चिखल पापुद्रा सुटावा तसा निघतो. पावसाळ्यात फरशीवर धरलेलं काळं-हिरवं शेवाळ पट्ट्यापट्ट्यानं उतरतं आणि खालचा निळसर करडा दगड दिसायला लागतो. याहून जास्त ताकद घरात लावायची कुठं?

पेट्रोलवाल्याला साडेसहा हॉर्सपॉवरचं इंजिन, दाब 170 ते 200 बार. ते वॉशिंग सेंटरला ठीक. माझ्या साडूंनी असला आणून लाल नोझलनं फरशीवर मारला. लाल म्हणजे शून्य अंशाचं, पाणी सुईसारखं एका जागी बसतं. सांध्यातलं सिमेंट उडालं, पुढच्या पावसात दोन फरशा डुगडुगायला लागल्या. शेवटी गवंडी बोलावून सांधे भरून घेतले.

दुसरं, आपल्याकडं पार्किंग म्हणजे तिन्ही बाजूंना भिंती आणि वर स्लॅब. तिथं इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

होटगी रोड
ते मालक मीच. न विचारता माझ्या नावानं धागा काढलात, बरं वाटलं नाही.

तुमच्याकडं व्होल्टेज येतं हो. आमची लाईनच्या टोकाची वस्ती. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी सुरू झाले की ट्यूबलाईट फडफडते. मीसुद्धा आधी इलेक्ट्रिकच घेतला होता, 9 हजारांना. दुसऱ्याच उन्हाळ्यात मोटार जळाली. निळसर धूर आला, तो वास आठवला की आजही पोटात कालवतं. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजमुळं जळाली, वॉरंटीत बसत नाही. मग 24 हजारांचा पेट्रोलचा आणला. दीड वर्षात तक्रार नाही. कार, ट्रॅक्टर, दोन म्हशींचा गोठा, सगळं त्याच्यावर. गोठ्यात बोर्ड नाही आणि बसवणारही नाही. ओल्यात जनावर असतं.

वायरमन, अक्कलकोट रोड
मालक, एकच विचारतो. जळाला त्या दिवशी एक्स्टेन्शन किती लांब होती?

होटगी रोड
रिळाची. पंचवीस मीटर असेल. त्याचं काय?

वायरमन, अक्कलकोट रोड
तिथंच आहे सगळं. 1800 वॉट म्हणजे जवळपास 8 अँपिअर. बाजारातल्या रिळाची वायर बारीक असते, आणि तुम्ही ती पूर्ण सोडलीही नसणार. गुंडाळलेली वायर आत तापते. घरात येतानाच व्होल्टेज कमी, त्यात वायर अजून खाते. ट्रिगर सोडला की मोटार थांबते, दाबला की पुन्हा उठावं लागतं, आणि कमी व्होल्टेजवर ती उठताना अडखळते. असं पंधरा-वीस वेळा झालं की वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली गुंडाळलेली तार, गेलं. असल्या मोटारी मी दर उन्हाळ्यात बघतो.

16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या, अर्थिंग तपासा, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. लांब जायचं तर वायर वाढवू नका, पाण्याचा पाइप वाढवा. वायर लागलीच तर अडीच चौरस एमएमची, पूर्ण उलगडून.

होटगी रोड
हे दुकानदारानं सांगायला नको का? 9 हजार घेताना तोंड उघडलं नाही त्यानं. वायरचं मान्य करतो. गोठ्याचं करत नाही.

मोहोळ बागायतदार
गोठ्याला वॉशर कशाला? डाळिंबावर फवारणीचा एचटीपी पंप आहे ना? त्यालाच साधी गन लावा. 30-35 किलो प्रेशरमध्ये ट्रॅक्टर निघतो. टाकी मात्र आधी दोनदा खळखळून धुवायची, औषधाचा अंश जनावराच्या अंगावर जायला नको.

आणि पेट्रोलवाल्यांनो, फवारणी संपली की माझं इंजिन दोन-दोन महिने उभं राहतं. एकदा टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल धरतं. कार्ब्युरेटर उघडला तर जेटमध्ये पिवळट चिकट थर. घरी महिन्यातून एकदा वापरणाऱ्यानं हे कोण करणार, दरवेळी टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं?

पूर्व भाग
सकाळपासून वाचतेय. पेट्रोल का वीज, बार किती, अँपिअर किती. पाण्याबद्दल एक शब्द नाही कुणाचा. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असून आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे. मी अलार्म लावून उठते, घागरी, पिंप, हंडे भरते आणि मग कामाला जाते. आणि तुम्ही फरशीचं शेवाळ काढायला पिण्याचं पाणी उडवता? लाज वाटायला पाहिजे.

जुळे सोलापूरकर
ताई, राग समजतो. आमच्याकडंही रोज येत नाही, हौदावरच चालतं. पण वॉशरनं पाणी वाचतं. माझा मिनिटाला सहा लिटर घेतो. साधा पाइप त्याच्या तिप्पट सोडतो.

पूर्व भाग
पाइपानं धुणाराही चुकतोच. मी बादलीनं गाडी पुसते. एक बादली, दोन फडकी. तुम्ही वीस मिनिटं मारलंत तर 120 लिटर झाले. माझ्या घरात पाच माणसं आहेत, एवढ्यात आमचा एक दिवस सरळ निघतो. वाचलं म्हणू नका, कमी वाया गेलं म्हणा.

होटगी रोड
पाणी चार दिवसांनी येतं त्यात आमचा काय दोष? वितरण सुधारा म्हणून महापालिकेला विचारा. घर स्वच्छ ठेवणाऱ्यांवर कशाला ओरडता?

पूर्व भाग
विचारलं नाही असं वाटतं तुम्हाला? वॉर्डातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसलो, दोनदा. तेव्हा मोठ्या घरांतलं कुणी आलं नाही. तुमच्याकडं हौद आहे, बोअर आहे, टँकर बोलवायला पैसे आहेत. टंचाई तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. तुमचा पेट्रोलवाला तर मिनिटाला नऊ-दहा लिटर ओढतो ना? वरच्यांनी सहा सांगितले, तुम्ही तेवढंही बोलला नाहीत.

होटगी रोड
माझं बोअरचं पाणी आहे. नळाचा एक थेंब वापरत नाही. आरोप करण्याआधी विचारत चला.

वायरमन, अक्कलकोट रोड
भांडू नका. बोअरचं वापरता तर इनलेटला जाळीचा फिल्टर लावा आणि दर वेळी काढून धुवा. आपलं बोअरचं पाणी जड, क्षाराचं, पंपाच्या व्हॉल्व्हवर पांढरा थर बसतो आणि दाब पडतो. लोक तेही मोटारीवर ढकलतात.

जुळे सोलापूरकर
ताईंचं वाचून आत्ता खाली जाऊन मोजलं. 15 लिटरची बादली, वॉशरच्या गननं अडीच मिनिटांत भरली. पाइपानं पन्नास सेकंदांत. ते पाणी कुंड्यांना घातलं. म्हणजे माझं गणित बरोबर होतं, पण ताईंचंही खोटं नाही: मी कार धुताना ट्रिगर बारा-तेरा मिनिटं दाबून असतो, म्हणजे पाच बादल्या. मला दोन वाटत होत्या. फरशीचं तर कधी मोजलंच नव्हतं. यापुढं फरशी दिवाळीआधी एकदाच, कार बादलीनं, वॉशर फक्त चिखलाला.

पेट्रोलवाल्याबद्दल माझं मत तेच आहे. घरच्या पोर्चला नको. उघड्यावरच्या, बोर्ड नसलेल्या गोठ्याला चालेल, एवढं होटगी रोडवाल्यांचं मानतो. पण मालक, गन सोडून इंजिन तसंच चालू ठेवत जाऊ नका. तेच पाणी पंपात फिरून तापतं आणि सील जातात.

पूर्व भाग
पाच बादल्या कबूल केल्यात, तेवढं पुरे. उद्या आमच्या पाण्याचा दिवस आहे. पहाटे साडेतीनला उठायचंय.

होटगी रोड
सील जातात हे खरं, मागच्या महिन्यात थोडं गळायला लागलंय. मी वयानं समजलो होतो. वायरमन, उद्या संध्याकाळी सातला बोर्डावर मीटर लावून बघतो. 200 व्होल्टच्या खाली दिसलं तर आकडा इथंच टाकतो, मग सांगा इलेक्ट्रिक कसा चालवायचा ते.