ऊसतोड: दराची बातमी होते, उचलीच्या वहीची का होत नाही?

बालाघाटी
गळीत हंगाम सुरू झाला की ठरलेल्या बातम्या येतात: दरवाढीचा संप, नाहीतर ट्रॉली उलटली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला, त्याचे मोठे मथळे झाले. त्या दराचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं असं धरून दिवसाला साधारण दोन टन. म्हणजे जोडीला ७३२ रुपये. लाखाची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) असेल तर ती फिटायला २७३ टन, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. कारखान्याचा पट्टा बऱ्याचदा त्याआधीच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. शिवाय हंगामात पोटापाण्यासाठी घेतलेली खर्ची त्याच वहीत चढते. बाकी अंगावर राहणार हे उचल घेतानाच ठरलेलं असतं, आणि वही मुकादमाच्या, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराच्या, खिशात. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा जोडीशी, तोही तोंडी. कारखान्याच्या मस्टरवर ही माणसं नाहीतच. दर वाढला की उचलही वाढते, वही जिथल्या तिथे.

पंचगंगाकाठ
एकाच बाजूची वही उघडलीत. पहिलं म्हणजे वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे धरले नाहीत. ते चाऱ्यासाठी विकून रोख मिळतात. दुसरं, मुकादमाला दिलेली उचल वाहतूकदाराच्या नावावरचं कर्ज असते. मुकादम एकच टोळी दोघा-तिघांना दाखवून पैसे उचलतो आणि हंगामाला तोंड दाखवत नाही. फसवणुकीचे गुन्हे दाखल होतात, पण ट्रॅक्टरचा हप्ता थांबत नाही. शेतकऱ्याचं तर विचारूच नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच एफआरपीतून (उसाच्या किमान हमी दरातून) वजा होतो, वर टोळीला ‘खुशाली’ आणि चालकाला ‘एंट्री’ म्हणून पैसे द्यायचे ते निराळे. आणि बातमी होत नाही म्हणता? सांगली-कोल्हापूरच्या पुरवण्या काढून बघा.

बालाघाटी
बघितल्या. ‘मुकादमाने घातला गंडा’ हीच बातमी असते, आणि फिर्यादी कायम वाहतूकदार. वाढ्यांचं म्हणाल तर त्यातून बाजार-तेलमीठ निघतं, उचल फिटत नाही.

कलम सहा
दोघेही कायद्याला बगल देताय. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा याच व्यवहारासाठी आहे. नुसती उचल घेतली म्हणून वेठबिगारी ठरत नाही. पण उचलीपोटी दुसरीकडे काम करायचं किंवा निघून जायचं स्वातंत्र्य गेलं, किंवा नाममात्र मजुरीवर राबवलं, तर ठरते, आणि मग कलम ६ नुसार ते कर्जच संपतं.

अर्ज पोलीस ठाण्यात नव्हे, जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा, आणि तोही टोळी जिथे अडकली आहे त्या जिल्ह्यात. त्यात उचलीची रक्कम, घेतल्याचा महिना, किती टन तोडला आणि अडवणूक कशी झाली (मूल ठेवून घेतलं, फोन काढला, बैल अडवले) हे हवं. जबाब मुकादमासमोर होऊ द्यायचा नाही. चुकतं ते इथेच: प्रकरण ठाण्यात ‘मारहाण’ म्हणून नोंदवलं जातं, तडजोड होते, टोळी रातोरात गावी पाठवली जाते. मुक्ततेचा दाखला मागायचाच राहतो, आणि दाखला नसेल तर ३० हजारांपर्यंतची तातडीची मदतसुद्धा मिळत नाही.

पंचगंगाकाठ
म्हणजे वाहतूकदाराचं कर्ज कलम ६ मध्ये बुडालं. पुढच्या हंगामाला उचल देणार कोण? टोळीला दसऱ्याला घर सोडताना पैसे हवेच असतात, ते कायदा देणार आहे का?

वाचक क्रमांक ७
माध्यमांना सरसकट झोडपू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये बातम्यांमुळेच विधिमंडळात गेला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली.

बालाघाटी
बसली, बरं झालं. पण बातमी डॉक्टरांवर थांबली. जोडीतलं एक माणूस पाळीत बसलं की कोयता मोडतो, टनेज घटतं, वर खाड्याचा दंड वहीत चढतो. कोपीपाशी (राहायच्या झोपडीपाशी) न्हाणी नाही, संडास नाही. पिशवी काढायचा निर्णय दवाखान्यात होतो, पण त्यामागचं गणित फडात असतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या संगणकात असतं, शेतकऱ्याला मोबाइलवर संदेशही जातो. तोच संदेश कोयत्याला पाठवा, बाईच्या नंबरवर सुद्धा. वहीला पर्याय तयार होईल.

पंचगंगाकाठ
ट्रॅक्टरच्या एका खेपेत आठ-दहा कोयत्यांच्या मोळ्या असतात. काट्यावर वजन येतं ते गाडीचं. कोणाचे किती टन, ही वाटणी फडात मुकादमच करतो. संदेश पाठवणार कुणाच्या आकड्याचा?

कलम सहा
टायरगाडीला (टायरच्या बैलगाडीला) ही अडचण नाही: एक जोडी, एक गाडी, एक वजन. तिथून सुरुवात करता येते. ट्रॅक्टर टोळीत निदान खेपेचं एकूण वजन सगळ्या कोयत्यांना कळवा. बेरीज जुळत नसेल तर भांडायला आकडा तरी हातात राहील.

पंचगंगाकाठ
टायरगाडीपुरतं मान्य. ट्रॅक्टरवाल्या टोळीत मुकादम त्याच दिवशी सगळ्यांचे नंबर बदलून देईल.