पुरात घरात साप शिरला तर काठी उचलावी का?

सीनाकाठचा (माढा)

२०२५च्या सप्टेंबरात सीनेनं काठ सोडला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. माणसं, शेरडं, धान्याची पोती, जे जमेल ते उंचावर चढवलं. पण माणसाला जी जागा कोरडी, तीच सापालाही कोरडी. बिळात पाणी शिरलं की साप, विंचू, गोम, उंदीर सगळे बांधावर, कडब्याच्या गंजीत, माळवदावर नाहीतर पत्र्याखालच्या वाशांवर येतात. आता आमच्याकडं रीतच पडलीय, दिसला की ठेचायचा. मला हे पटत नाही आणि त्याला कारण आहे.

साप सहसा स्वतःच्या निम्म्या लांबीपेक्षा लांब झेप घेत नाही. दोन पावलं मागं सरलेला माणूस त्याच्या टप्प्यात नसतो. काठी घेऊन पुढं गेलेला मात्र असतो, आणि तोही चिखलात, अंधारात, घसरत्या पायांनी. मेला म्हणून उचलायला जावं तर तुटलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. त्यापेक्षा एक बाजू मोकळी ठेवा, सगळे दुसऱ्या बाजूला व्हा, उजेड त्याच्यावर धरा. वाट दिसली की तो जातो.

आणि खरी भीती दिसणाऱ्या सापाची नाहीच. मण्यार रात्री येते. जमिनीवर निजलेल्याला चावते तेव्हा धड दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. तिच्यापुढं काठी काय करणार? बाज आणि कडा नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढंच कामाला येतं. घर सोडताना पिशवीत पहिली मच्छरदाणी टाका.

वस्तीवरची सून

दादा, तुम्ही लिहिलंय ते पाणी ओसरल्यावर वाचायला बरं आहे. चहूकडं पाणी, लाईट गेलेली, मोबाईल बंद, माळवदावर दोन लेकरं आणि हलता न येणाऱ्या सासूबाई. तिथं "एक बाजू मोकळी ठेवा" म्हणजे कुठली बाजू? तीन बाजूंना पाणीच होतं. बाज म्हणाल तर ती आधीच वाहून गेली. सर्पमित्राचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता, ती भिंत पाण्यात होती.

कायदाही मी विचारून घेतलाय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११व्या कलमात स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना सद्हेतूनं जनावर मारलं तर गुन्हा होत नाही. ही सूट आमच्यासारख्यांसाठीच ठेवलीय. लेकराच्या अंथरुणाजवळ साप आला तर तो विषारी की बिनविषारी हे बघत बसणारी आई मला दाखवा.

करमाळेकर

ताईंशी सहमत. आमच्याकडं डिसेंबर २०२०मध्ये नरभक्षक बिबट्याला सरकारच्या परवानगीनंच गोळी घातली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की त्याला वाट द्या. माणूस आधी.

सीनाकाठचा (माढा)

करमाळेकर, तो बिबट्या माणसं मारत होता, त्याला पकडायचे प्रयत्न झाले, मग त्या एकाच जनावराबद्दल आदेश निघाला. इथं सरसकट ठेचलं जातंय आणि त्यात बहुतेक धामणी असतात. धामण बिनविषारी, तिचं पोट उंदरांवर चालतं. ती गेली की पाणी ओसरल्यावर पोत्यांवर उंदरांची धाड येते आणि त्यांच्या मागं नाग येतो.

परिचारिका, बार्शी

मी दवाखान्यातलं सांगते, कारण मारायचं की नाही यापेक्षा पुढचे दोन तास जास्त महत्त्वाचे असतात.

लोक मारलेला साप पिशवीत घालून आणतात. आणू नका. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच आहे. ती द्यायची की नाही हे लक्षणांवर ठरतं. रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलंय असं धरतात. पापण्या पडत असतील तर नाग नाहीतर मण्यार. सापाच्या मागं गेलेला वेळ रोग्याचा जातो.

दोरी आवळून बांधू नका. घोणस चावलेल्या पायावर ती आवळली तर पायच काळा पडायची वेळ येते. चीर देऊ नका, तोंडानं ओढू नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. सूज चढायच्या आत काकणं, जोडवी, अंगठी काढा. हातापायाला फळी लावून तो हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. उलट्या होत असतील तर कुशीवर निजवा. बोट आली की पहिला हा माणूस, बाकी सामान मागून. मण्यारीच्या रोग्याला श्वासाचं यंत्र लागू शकतं, त्यामुळं लहान दवाखान्यात लस सुरू करून सोलापूरला पुढं पाठवावं लागतं.

भारतात सर्पदंशानं वर्षाला साधारण ५८ हजार माणसं जातात असा अंदाज आहे. त्यातली पुष्कळशी घरी किंवा वाटेत जातात. हे वाचताना मला राग येतो, कारण लस आहे.

मुकादम, ऊसतोड

तुम्ही घरातलं बोलताय. आमची माणसं फडाशेजारी कोपीत झोपतात, खाली पाचट, वर पाचट. घोणस पाचटाच्या रंगाची, पाय पडेस्तोवर दिसत नाय. शिट्टीसारखा आवाज काढती, पण कोयत्याच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? एकेक मादी कितीतरी पिल्लं घालती. ती दिसली तर आम्ही सोडत नाय, आणि सोडणारबी नाय. शेजारी बायका उकिडव्या बसून मोळ्या बांधत्यात. मात्र नर्सताईंचं दोरीचं आजच कळलं. आमच्यात सगळे दोरीच बांधतात. टोळीला सांगतो.

माळरान (उत्तर सोलापूर)

विंचवाचंही लिहा कुणीतरी. लाल विंचू चावला की लहान पोराला घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून असे रोगी वाचवले. म्हणून विंचू चावलेलं पोरही दवाखान्यातच न्यायचं. चप्पल, बूट, ओले कपडे झटकल्याशिवाय घालू नका.

पूर गेल्यावरचे उंदीर वेगळाच विषय. चिखलात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोचा ताप येतो. पायाला जखम असेल तर अनवाणी उतरू नका. आणि उंदरासाठी झिंक फॉस्फाईड धान्याजवळ ठेवू नका, लेकरांच्या हाताला लागतं.

परिचारिका, बार्शी

उपाशी कुत्रीही त्या दिवसांत अंगावर येतात. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, हळद-मिरची भरू नका, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

वस्तीवरची सून

लेकराच्या अंगाजवळ आला तर मी मारणारच, त्यात माझा शब्द बदलत नाही. पण लांब असला तर मागं सरायचं, हे घरात सांगते. आणि तेवढ्यावर सोडू नका. शिधा वाटला तेव्हा तांदूळ, डाळ, तेल आलं. मच्छरदाणी कुणी दिली नाही, बॅटरी दिली नाही. कुठल्या दवाखान्यात लस आहे हे एकालाही माहीत नव्हतं. मी तहसीलला निवेदन लिहायला घेतलंय. पावसाळ्याआधी प्रत्येक नदीकाठच्या वस्तीला मच्छरदाण्या, बॅटऱ्या, आणि लस असलेल्या दवाखान्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. ज्यांचं गाव घालायचंय त्यांनी खाली लिहा.

मुकादम, ऊसतोड

मोहोळकडच्या दोन टोळ्या धरा. गमबूटबी लिहा त्यात, गुडघ्यापर्यंतचे.

सीनाकाठचा (माढा)

माझं गाव धरा. निवेदनाच्या प्रती मी काढून देतो, आणि दवाखान्यांची यादी नर्सताईंकडून तपासून घेऊ.