शब्दचर्चा : पर्जन्यसंवेदी वायपर?

पर्वरीकर : गाडीच्या माहितीपुस्तिकेचा मराठी मजकूर तपासतोय. 'रेन सेन्सिंग वायपर'साठी तीन ठिकाणी तीन प्रकार आलेत : पर्जन्यसंवेदी, पर्जन्यसंवेदनशील आणि 'पावसाची चाहूल लागताच सुरू होणारे'. कुठला ठेवू? चवथीआधी हातावेगळं करायचंय.

डिचोलीची वाचक : 'संवेदनशील' आधी काढा. मन संवेदनशील असतं, विषय असतो, निवडणुकीत मतदान केंद्रंही असतात. पावसाने गहिवरणारा वायपर कुणाला हवाय? सेन्सरला 'संवेदक' रूढ आहे, त्यावरून 'संवेदी' चालून जाईल.

'चाहूल' मात्र साफ चुकीचा. चाहूल येणाऱ्याच्या आधी लागते. गार वारा सुटला, मातीचा वास आला, ही पावसाची चाहूल. वायपर त्याने हलतो का?

फोंड्याचा गॅरेजवाला : नाही हलत. थेंब काचेवर पडल्याशिवाय त्याला काही कळत नाही. पर्वरीकरबाब, आतून आरशामागे बघा, काचेला एक काळी डबी चिकटवलेली असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश काचेत तिरपा सोडतात, लंबाशी साधारण ४५ अंशांत. काच कोरडी असली की बाहेरच्या पृष्ठभागावरून तो सगळा आत परततो, कारण काच आणि हवा यांच्यातला क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा प्रकाश बाहेर न पडता आतच परततो तो कोन, सुमारे ४१ अंश. काचेवर पाणी आलं की तोच कोन जातो ६१ च्या आसपास. मग ४५ अंशांचा प्रकाश अडत नाही, थेंबातून बाहेर निसटतो. डबीतल्या फोटोडायोडकडे, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या भागाकडे, जितका कमी प्रकाश परत येईल, तितका वायपर जोरात.

म्हणजे त्याला पाऊस कळत नाही, काचेच्या एवढ्याशा तुकड्यावरचं पाणी कळतं. पुढच्या ट्रकने लाल चिखल उडवला तरी वायपर फिरतो. उलट सगळ्या काचेवर थेंब आहेत आणि त्या तुकड्यावर नाहीत, तर हा ढिम्म. काच बदलताना डबी आणि काच यांच्यामधल्या चिकट, पारदर्शक जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर भर उन्हातही खरडत बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, मोटर गेली!

पर्वरीकर : मग 'पर्जन्य'च खोटा ठरला की.

डिचोलीची वाचक : मला तो तसाही जड वाटत होता. पर्जन्यमान, पर्जन्यमापक, पर्जन्यछाया; हा शब्द मिलिमीटरवाल्यांचा. गोव्यात वर्षाला तीन हजारांच्या आसपास मिलिमीटर पडतो ते पर्जन्यमान. काचेवर पडतो तो पाऊस. 'ओलसंवेदी' करावं म्हटलं, पण ओल भिंतीला येते, जमिनीत मुरते. काचेवर थेंबच असतात.

साखळीहून : थेंबही दरवेळी नसतात हो. चोर्ला घाटात धुक्यात शिरलं की काचेवर नुसता बारीक थर धरतो, तोही या डबीला कधी कळतो, कधी नाही.

आणि शब्द यंत्रणेवरून पाडलात तर फसाल. सिट्रोएनच्या १९७० सालच्या 'एसएम' गाडीत अशी डबीच नव्हती. कोरड्या काचेवर रबर जास्त घासतं, मोटर जास्त वीज ओढते. त्यावरून दोन फेऱ्यांमधलं अंतर ठरायचं. टेस्ला तर कॅमेऱ्याने काच बघते. लोक काय म्हणतात ते लिहा. इथे कोकणीत 'वायपर ऑटोचेर घाल' म्हणतात, मराठीत 'ऑटोवर टाक'.

डिचोलीची वाचक : पटलं. फक्त 'स्वयंचलित' नको. मोटरवर चालणारा साधा वायपरही स्वयंचलितच. इथे नवीन काय, तर बटण कधी दाबायचं ते गाडी ठरवते. 'आपोआप सुरू होणारे' म्हणा.

पर्वरीकर : मग मथळ्यात 'ऑटो वायपर' आणि खाली 'काचेवरचं पाणी ओळखून आपोआप सुरू होतात, वेगही आपोआप बदलतात'. 'सेन्सिटिव्हिटी'च्या कड्याला काय? संवेदनक्षमता?

साखळीहून : 'कमी' आणि 'जास्त' छापा. कडं फिरवणाऱ्याला तेवढं पुरतं.

फोंड्याचा गॅरेजवाला : आणि ठळक अक्षरांत एक ओळ घाला : गाडी धुताना, काच पुसताना ऑटो बंद ठेवा. चावी चालू ठेवून ओलं फडकं त्या डबीवरून फिरवलं की वायपर थेट बोटांवर येतो.

पर्वरीकर : घातली. आता काचेवरची वाफ घालवणाऱ्या 'डिफॉगर'चं बोला. मजकुरात 'धुकेनाशक' आलंय.

डिचोलीची वाचक : अरे देवा. त्याला नवीन धागा काढा.