शब्दचर्चा : तपासी अंमलदार, तपास अधिकारी की गुप्तहेर?

शब्दवेल्हाळ :
तालुक्याच्या पोलीस ठाण्यात घडणारी एक दीर्घकथा लिहिते आहे. मुख्य पात्र म्हणजे खुनाचा छडा लावणारा पोलीस. त्याला म्हणायचं काय, इथेच अडले आहे. 'गुप्तहेर' लिहिलं तर तो शत्रूच्या मुलुखात पाठवलेला माणूस वाटतो, 'डिटेक्टिव्ह' लिहिलं तर खासगी व्यवसाय करणारा. बातम्यांमध्ये कधी 'तपासी अंमलदार' दिसतं, कधी 'तपासिक अंमलदार', कधी 'तपास अधिकारी'. सरकारी पाट्यांवर 'अन्वेषण' असतं. हे सगळं एकच का? अंमलदार हा अधिकाऱ्यापेक्षा खालचा असतो का? आणि 'चौकशी अधिकारी' चालेल का?

जुना अंमलदार :
जिल्हा पोलीस दलात तपासाचंच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या पात्राला 'तपासी अंमलदार' म्हणा. ठाण्यात, कोर्टात, पंचनाम्याच्या कागदावर हाच शब्द आहे. 'तपासिक' हे त्याचंच दुसरं रूप, काही कार्यालयांच्या लिहिण्यात रुळलेलं. 'तपास अधिकारी' वर्तमानपत्रांनी जास्त वापरला. बोलताना मात्र आम्ही सरळ 'आयओ' (इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर) म्हणतो. "आयओ कोण आहे या गुन्ह्याला?" असाच प्रश्न कानावर पडतो.

अंमलदार खालचा का, हा प्रश्न आताच्या वापरामुळे पडतो. 'पोलीस अधिकारी व अंमलदार' असं हल्ली लिहितात, तेव्हा अंमलदार म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतचे लोक. पण 'तपासी अंमलदार' हा शब्द त्या उतरंडीतला नाही. ज्याच्याकडे अंमल आहे तो अंमलदार, हा जुना अर्थ त्यात टिकून आहे. ज्याच्याकडे त्या गुन्ह्याचा तपास, तो त्या गुन्ह्याचा तपासी अंमलदार, मग तो हवालदार असो की उपअधीक्षक. सायकलचोरीचा तपास हवालदाराकडे असतो. खुनाचा सहसा निरीक्षकाकडे किंवा सहायक निरीक्षकाकडे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर १९९५ च्या नियमांनुसार उपअधीक्षक दर्जाच्या खालचा माणूस तपास करू शकत नाही, म्हणून तिथे 'तपासी अंमलदार : उपविभागीय पोलीस अधिकारी' असं लिहिलेलं सापडेल. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, त्यातही तेच. (मराठीत 'मोक्का'च लिहा, 'मकोका' हिंदी वाहिन्यांकडून आलंय.)

म्हणजे हे पद नाही, ही जबाबदारी आहे. कथेत "तो तपासी अंमलदार म्हणून भरती झाला" असं चुकूनही लिहू नका. तपास वर्ग होतो, त्या दिवशी माणूस तपासी अंमलदार होतो. बदली झाली की केस डायरी दुसऱ्याच्या हातात जाते आणि हा साक्षीपुरता उरतो. कधी कधी कित्येक वर्षांनी, निवृत्तीनंतरसुद्धा, समन्स येतं आणि पिंजऱ्यात उभं राहून जुन्या पंचनाम्यावरची आपली सही ओळखावी लागते.

'अन्वेषण' हा कायद्याच्या अधिकृत मराठी अनुवादातला शब्द. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीआयडीचं नाव 'गुन्हे अन्वेषण विभाग'. तिथे तो शोभतो. ठाण्यातला कुणी "मी अन्वेषण करतोय" म्हणाला तर वाचकाचा त्या पात्रावरचा विश्वास उडेल.

वऱ्हाडी :
एक भर. तुमची कथा विदर्भात असेल तर ठाण्याचा प्रमुख 'ठाणेदार'. आमच्याकडे पेपरातही तसंच छापतात. पश्चिम महाराष्ट्रात ठाणेदार फारसं म्हणत नाहीत, आणि 'ठाणे अंमलदार' म्हणजे तर भलताच माणूस : त्या पाळीला टेबलावर बसून फिर्याद लिहून घेणारा, स्टेशन डायरी चालवणारा. या दोन शब्दांत गल्लत झाली की सगळी कथा हलते.

शब्दवेल्हाळ :
कथा साताऱ्याकडची आहे, तेव्हा ठाणेदार नको. पण मग एलसीबी आणि डीबी? बातमीत "स्थानिक गुन्हे शाखेने आरोपी पकडला" असतं आणि खाली "पुढील तपास अमुक ठाण्याचे उपनिरीक्षक करीत आहेत". पकडणारा एक आणि तपास करणारा दुसरा?

जुना अंमलदार :
बरोबर वाचलंत. गुन्हा उघडकीस आणणं वेगळं आणि तपास वेगळा. डीबी म्हणजे ठाण्याचं गुन्हे प्रकटीकरण पथक. चार-पाच साध्या वेशातली माणसं, हद्दीतले सराईत तोंडपाठ, खबरे हाताशी. एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, हेच काम जिल्हाभर अधीक्षकांच्या हाताखाली करते. आयुक्तालयात तिच्या जागी गुन्हे शाखा आणि तिची युनिटं असतात. ही माणसं आरोपी शोधतात, मुद्देमाल मिळवतात आणि बहुतेकदा संबंधित ठाण्याच्या हवाली करतात. मग सुरू होतं तपासी अंमलदाराचं खरं काम, जे कुणी लिहीत नाही : घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, पुरवणी जबाब, जप्ती, मुद्देमाल सील करून प्रयोगशाळेकडे पाठवणं, रिमांड, आणि साठ किंवा नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र. ही मुदत चुकली तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, मग पकडणाऱ्यांनी कितीही पराक्रम केलेला असो.

म्हणून तुमचं पात्र डीबीतलं आहे की तपासाला बसलेलं, ते आधी ठरवा. एकाचे दिवस चहाच्या टपऱ्यांवर जातात, दुसऱ्याचे कागदावर.

कोर्टकचेरी :
वकिली करतो. 'चौकशी अधिकारी' हा प्रश्न मागे राहिला, तो घेतो, कारण या एका शब्दाने लोकांचं नुकसान होताना रोज पाहतो.

तपास आणि चौकशी कायद्यात एक नाहीत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन्हींच्या वेगळ्या व्याख्या होत्या, १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस करतात तो तपास. दंडाधिकारी किंवा न्यायालय करतं ती चौकशी. 'चौकशी अधिकारी' म्हटलं की मला तरी कर्मचाऱ्यावरची खातेनिहाय चौकशी आठवते. खुनाच्या कथेत तो शब्द नको.

पोलीसही 'प्राथमिक चौकशी' करतात, पण ती गुन्हा नोंदवण्याआधीची. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात ठरवलं आणि मोजक्या प्रकारांतच आधी चौकशीला वाव ठेवला. नव्या संहितेच्या कलम १७३ ने तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी आणली, तीही उपअधीक्षकाच्या परवानगीने. तेव्हा "तुमच्या अर्जाची चौकशी चालू आहे" असं ठाण्यात कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ अजून गुन्हा दाखल झालेला नाही. हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही आणि तो महिनोन्‌महिने वाट बघत बसतो.

दुसरा तसाच शब्द 'ताब्यात'. "चौकशीसाठी ताब्यात घेतले" हे वाक्य मराठी बातमीत इतकं रुळलंय की ते कुणाला खटकतही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. ताब्यात घेतला म्हणायचं आणि अटकेची वेळ नंतरची दाखवायची, यावर जामिनाच्या अर्जांत किती वाद होतात ते पाहा. ज्याला नुसतं विचारायचं आहे त्याला नोटीस देऊन बोलावतात. बाईला तर साक्षीदार म्हणूनही ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो.

बातमीमागचा :
वार्ताहर आहे, गुन्हेवृत्तच करतो. वरची टीका मान्य. 'ताब्यात' आम्ही पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून जसंच्या तसं उचलतो. 'गुन्ह्याची कबुली दिली' हेही तसंच.

'बातमीदार' शब्दाची गंमत सांगायला हवी. आमच्याकडे बातमीदार म्हणजे वार्ताहर. पोलिसांच्या कागदावर "गोपनीय बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली" असतं, तिथे तो खबऱ्या. नवीन मुलं हे पहिल्यांदा वाचतात तेव्हा आपल्यातल्याच कुणीतरी टीप दिली असं समजतात.

आणि 'जबाब'. गोव्यातल्या मराठी दैनिकांत 'जबानी' वाचायला मिळते, आरोपीलाही तिथे बहुधा 'संशयित' म्हणतात. मला ती पद्धत जास्त न्यायाची वाटते. आपल्याकडचा 'चोरटे जेरबंद' हा मथळा तर अटकेच्या दिवशीच निकाल लावून मोकळा होतो.

कोर्टकचेरी :
कबुलीचं बोललात ते महत्त्वाचं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. आधी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. मोक्क्यासारखे विशेष कायदे सोडले तर अपवाद एवढाच की आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून काही सापडलं, तर त्या वस्तूशी जोडलेला तेवढा भाग ग्राह्य. 'निवेदन पंचनामा' त्यासाठीच असतो : पंचांसमोर आरोपी म्हणतो, "कोयता कुठे टाकला ते दाखवतो," आणि पुढे सगळे मिळून तिथे जातात. शब्दवेल्हाळ, हा प्रसंग तुमच्या कथेत येणारच. जबाबावर साक्षीदाराची सही दाखवू नका, ती घेत नाहीत. फिर्यादीवर घेतात.

जुना अंमलदार :
पंचनामा नीट लिहा, एवढी माझी विनंती. 'एखाद्याचा पंचनामा करणे' या वाक्प्रचाराने आणि पावसाळ्यातल्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यांनी तो शब्द गुळगुळीत झालाय. फौजदारी पंचनाम्यात चतुःसीमा येते, रक्ताचा डाग दरवाजापासून किती फुटांवर ते येतं, वेळ सुरू झाल्याची आणि संपल्याची. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यायचं असतं. तरी दोन पंच मिळवण्याची धडपड आहे तशीच आहे. रात्री अडीच वाजता कोण येणार?

शब्दवेल्हाळ :
खूपच मिळालं. एक शेवटचं : माझ्या कथेत आरोपी सापडत नाही. 'फाईल बंद झाली' असं लिहिलं आहे. त्याला ठाण्यातला शब्द?

जुना अंमलदार :
'अ समरी.' समरी म्हणजे तपास थांबवायला दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा अहवाल. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्यापासून अ, ब, क अशा समऱ्या चालत आल्यात. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही, तर अ. फिर्याद द्वेषाने, खोटी दिली असेल तर ब. खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झाली किंवा मूळ वाद दिवाणी, तर क. ठाण्यात म्हणतात, "त्या मर्डरची अ समरी पाठवली."

कोर्टकचेरी :
पाठवली म्हणजे मंजूर झाली असं नाही. फिर्यादीला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकूनच दंडाधिकारी ठरवतात. आणि अ समरी मंजूर झाली तरी नवा पुरावा हाती आला की पुढचा तपास करता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये त्याची सोय आहे. तुमच्या मयताच्या बायकोला त्या नोटिशीवर काय म्हणायचं आहे, तो प्रसंग कथेत जरूर घ्या.