अनुभव धागा: 'मी ऑटिस्टिक असेन का?' हे थेरपिस्टला कसं विचारावं

मोठेपणी ही शंका आली तर थेरपिस्टपुढे ती कशी मांडावी, कुठे अडतं, हे जाणत्यांनी लिहावं. आत्मकथा नको, उपयोगी पडेल तेवढंच.

*

सेशन सुरू होतानाच विषय काढा. शेवटच्या पाच मिनिटांत काढलात तर 'पुढच्या वेळी बघू' होतं आणि पुढच्या वेळी दुसरंच काही निघतं. तोंडून निघत नसेल तर आदल्या दिवशी मेसेज करा: 'उद्या ऑटिझमच्या शक्यतेबद्दल बोलायचं आहे, निम्मा वेळ ठेवाल का?' कागदावरून वाचून दाखवलंत तरी चालतं.

*

कागदावर लक्षणं नकोत, प्रसंग लिहा. 'आवाज सहन होत नाही' यातून काही कळत नाही. 'कुकरची शिट्टी होणार म्हणून आधीच बाहेर जाऊन उभं राहावं लागतं' यातून कळतं.

ऑटिझमच्या निदानासाठीच्या निकषांचे दोन भाग आहेत. एक माणसांशी देवाणघेवाणीचा. दुसरा तोचतोपणा, ठरलेला क्रम, खोल आवडी आणि आवाज-स्पर्श-वासाचा. बहुतेक जण पहिल्याच भागाचे प्रसंग नेतात आणि सोशल अँग्झायटीचं (लोकांत वावरण्याच्या भीतीचं) लेबल घेऊन परततात, कारण तेवढं त्यातही बसतं. दुसरा भाग त्यात बसत नाही. म्हणून दोन्हींचे चार-चार प्रसंग न्या, निदान तीन लहानपणचे. आई, आत्या, मावशीला थेट 'ऑटिझम' विचारू नका. 'कपड्याची शिवण टोचते म्हणून रडायचे का? कुणाशी खेळायचे?' असं विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं काढा, त्यातले शेरे बोलके असतात.

*

प्रश्नावल्यांबद्दल: स्वतः भरायच्या दोन प्रश्नावल्या जास्त दिसतात. 'एक्यू'मध्ये ५० विधानं, ३२ किंवा जास्त गुण आले तर शंका; 'राड्स-आर'मध्ये ८० विधानं, तिथे ६५ किंवा जास्त. ही चाळणी आहे, निदान नव्हे. चिंतेनेही गुण चढतात. बेरीज दाखवू नका, भरलेली उत्तरं दाखवा.

*

'तुम्ही तर डोळ्यांत बघून बोलता, नोकरी करता' हे ऐकावं लागतंच, आणि तिथेच माणूस गप्प बसतो. गप्प बसू नका! बघण्यासाठी काय करावं लागतं ते सांगा: भुवयांच्या मधे बघणं, सेकंद मोजणं, घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून राहणं. शिकलेल्या युक्त्यांनी लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे २०१३ च्या डीएसएम-५ च्या (मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या) निकषांतच लिहिलं आहे. मग शांतपणे विचारा, 'कोणता निकष लागू होत नाही असं तुम्हाला वाटतं?'

आणखी एक. 'स्वमग्न' हा ऑटिस्टिकसाठीचा मराठी शब्द वापरला की समोरच्याला न बोलणारं लहान मूल दिसतं. 'प्रौढांमधला ऑटिझम' म्हणा.

*

समुपदेशकाकडून औपचारिक निदानाची अपेक्षा धरू नका. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. त्यांनाही अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: प्रौढांचं मूल्यमापन करता का, किती बैठका, लेखी अहवाल मिळेल का? मुलांपुरतंच काम करणारे बरेच आहेत.

*

निदान हवं की दिव्यांग प्रमाणपत्र, तेही सांगा. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी 'इसा' ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची, प्रत्येकी १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. लक्षणं झाकायला शिकलेला माणूस तिथे सहज खाली राहतो. त्यामुळे रोजच्या कामांत कुणाची, किती मदत लागते ते घरच्या माणसाला बरोबर नेऊन सांगायला लावा.