कोल्हापुरी परदेशी पाठवायची, पण पैसे आधी कोणाचे?

मृण्मयी (बी-५०३): नमस्कार सगळ्यांना. मी आणि कॉलेजच्या दोन मैत्रिणी कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या चार कुटुंबांच्या चपला ऑनलाइन परदेशात विकायच्या म्हणतोय. फोटो, वेबसाइट, पार्सल सगळं आमच्याकडे. जोड विकला गेला की कारागिराला पैसे, आम्ही फक्त खर्च काढून घेणार. कोणाचे नातेवाईक बाहेर असतील तर प्लीज कळवा.

जोशी काकू (ए-२०२): वा गं! माझी भाची डब्लिनला असते, तिला सांगते. थोडी त्यांच्या परिस्थितीची गोष्ट लिही, घराचे फोटो टाक. तिकडचे लोक लगेच घेतात.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. चालू द्या तुमचं.

पाटील (सी-१०४): जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपलीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. बोंब झाली तेव्हा कबूल केलं. त्यापेक्षा आपल्या मुलींनी विकलेली बरी.

देशपांडे (डी-१०१, सध्या न्यू जर्सी): उत्साहावर पाणी नको, पण इकडचं ऐक. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नसायची. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. आता एक जोड मागवला तरी ड्युटी, आणि टक्केवारी सारखी बदलतेय. तेव्हा आपल्या टपाल खात्यानेसुद्धा ऑक्टोबरपर्यंत इकडची पार्सलं थांबवली होती. दारात वरचे पैसे मागितले की गिऱ्हाईक पार्सल घेतच नाही.

मृण्मयी: मग युरोपपासून सुरुवात करू का?

फडके (बी-२०१): सीए म्हणून सांगतो, तिथेही कागद आहेत. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये विकायच्या वस्तूला तिथलाच एक जबाबदार माणूस किंवा कंपनी लागते, नाव-पत्ता मालावर छापावा लागतो. जोशी वहिनी, भाचीला विचारा तयार आहे का 😄 दुसरं, कातड्यात क्रोमियम-६ (कातडं कमावताना येणारं घातक रसायन) किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं असेल तर घाबरायचं कारण नाही, पण लॅबचा रिपोर्ट जवळ ठेवा. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर जीएसटी भरून मग परतावा मागत बसायला नको. पार्सल डाकघर निर्यात केंद्रातून पाठवा, कस्टमचे कागद तिथूनच होतात. आणि २०१९ चा जो जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे) त्याचा शिक्का लावायचा तर कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे का ते बघा. यातलं बरंचसं माझ्याकडून करून घे, फी नको.

कांबळे काका (ए-४०१): मृण्मयी, माझं आजोळ सुभाषनगरचं. मामा कापशी चप्पल करायचे. बेत चांगलाय, पण तुझं एक वाक्य खटकलं. "विकला गेला की पैसे." कोल्हापूरच्या चप्पल बाजारातला, चप्पल लाइनीतला दुकानदार पिढ्यान् पिढ्या हेच सांगत आलाय. कातडं मात्र रोखीनं घ्यावं लागतं. २०१५ ला गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, बैलाचं कातडं बंद झालं, आता बराचसा माल चेन्नईकडून येतो. कातड्याला पैसे आधी, घरातल्या बायका चपलेच्या कातडी वेण्या घालत बसणार त्याची मजुरी कोणी धरत नाही, आणि पावसाळ्यात कातडं वाळत नाही म्हणून कामच बसतं. या सगळ्यात पैसा अडकतो तो कारागिराचा. तुझ्या हिशोबातही त्याचाच अडकतोय, फक्त मध्ये दुकानदाराऐवजी वेबसाइट आली.

आणि कोल्हापुरी नवी असताना आवळ असते, चार दिवस घातली की पायाला बसते. हे तिकडच्या माणसाला माहीत नाही. तो लहान झाली म्हणून परत पाठवणार. तो जोड कोण सोसणार?

मृण्मयी: परत आलेल्या जोडाचं अजून काही ठरलेलं नाही. पण काका, आगाऊ द्यायला आमच्याकडे पैसे कुठेत?

पाटील: राज्याच्या चर्मोद्योग महामंडळाने द्यावेत. लिडकॉम कशाला आहे मग?

कांबळे काका: पाटील, त्याच लिडकॉमनं आणि कर्नाटकच्या लिडकरनं डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाशी करार केला की. २,००० जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. त्यातलं कारागिराच्या हातात किती पडतं ते बघायचं. पण ऑर्डर आधी आणि माल मागनं, ही पद्धत बरोबर आहे, ती उचल. माल करून ठेवायला सांगूच नको. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून फोटो पाठवायला सांग, पूर्ण पैसे आधी घे, त्यातले निम्मे त्याच दिवशी सुभाषनगरला. उरलेले पैसे जोड हातात आल्यावर. पार्सल परत आलं तर तुमच्या तिघींच्या खात्यावर.

जोशी वहिनी, घराचे फोटो नकोत. माझ्या मामेभावाची मुलगी नववीत आहे, उद्या वर्गात कोणीतरी तो फोटो फिरवेल. चपलेच्या शिवणीचे काढा, तिच्या कानाचे, वेणीचे. बघण्यासारखं तेच आहे.

जोशी काकू: बरोबर आहे हो, ते माझ्या लक्षातच आलं नाही. मृण्मयी, परत येणाऱ्या जोडांसाठी माझे पाच हजार धर. परत दिलेस तर घेईन.

पाटील: माझेही पाच. पण हिशोब दर महिन्याला इथे टाकायचा.

सेक्रेटरी: हिशोब आणि वर्गणी या ग्रुपवर नको, वेगळा ग्रुप काढा. सोसायटीचं खातंही वापरता येणार नाही.

मृण्मयी: काढते. काका, एका जोडाला किती द्यायचे? आम्ही दुकानातला भाव बघून ६०० लिहिलेत.

कांबळे काका: ते तू लिहू नको. रविवारी सहाला माझ्याकडे ये, मामेभावाला फोनवर घेतो. कातडं, वादी, मजुरी, बायकांची वेणी, सगळं धरून भाव त्याला सांगू दे. त्यावर तुमचा खर्च चढवा आणि मग बघा किती युरो होतात.