मदत हवी आहे: 9 आणि 9.5 मिळून 17 कसे?

नमस्कार मंडळी. मुलीला बारावीचं 'जनुकांमधलं अंतर' (दोन जनुकांत किती टक्के अदलाबदल होते त्यावरून काढतात ते) शिकवताना अडलेय. फळमाशीच्या एकाच गुणसूत्रावर काळ्या अंगाचं, शेंदरी डोळ्यांचं आणि खुरट्या पंखांचं जनुक याच क्रमाने असतं. काळं-शेंदरी यांच्यात अदलाबदल 9 टक्के, शेंदरी-खुरटं यांच्यात 9.5. मग टोकाच्या दोघांत 18.5 यायला हवी, तर मोजून 17च कशी? माझ्या मते, मध्ये दोनदा क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) झालं की टोकं परत जुन्याच जोडीत येतात, म्हणून त्या अदलाबदली मोजणीतून निसटतात. लाल-निळ्या लोकरीचे तुकडे दोन ठिकाणी कापून, गाठी मारून दाखवलं. तरी तिचं एकच, "आई, मग खरं अंतर कुठलं धरायचं?" मी बरोबर सांगतेय ना? तिला पटेल असं काही सुचवाल का? परवा पेपर आहे.